सरळ कडेची किंमत

मजकुराच्या दोन्ही कडा सरळ असल्या की पान नीटनेटकं दिसतं. त्यामुळे सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका तयार करणारेही ‘जस्टिफाय’चं बटण सहज दाबून मोकळे होतात. तरीही पडद्यावर वाचायच्या तांत्रिक मजकुरात उजवी कड मोकळी सोडावी आणि कमांडचं नाव ओळीच्या शेवटी कधीही तोडू नये, असं माझं ठाम मत आहे. युनिक्स या संगणक-प्रणालीची ‘मॅन पेजेस’, म्हणजे कमांडांची माहिती देणारी पानं, पाहा. १९७१ साली युनिक्सची पहिली पुस्तिका निघाली. पुढे ही पानं एनरॉफ आणि ग्रॉफ या प्रोग्रॅमांतून मांडली जाऊ लागली, आणि दोन्ही कडा जुळवणं हा त्यांचा मूळचा शिरस्ता. टर्मिनलवर मात्र प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. ओळ ताणायची तर कुठेतरी एक अख्खी रिकामी जागा घुसवावी लागते; ती अर्धी-पाव करता येत नाही. मग शब्दांमध्ये भगदाडं पडतात, आणि ती टाळायला शब्द तोडले तर त्याहून मोठी पंचाईत होते. ‘अ‍ॅप्ट-गेट’ या कमांडमधली आडवी रेघ हा नावाचाच भाग आहे. एका ओळीच्या शेवटी ‘अ‍ॅप्ट-’ आणि पुढच्या ओळीवर ‘गेट’ दिसलं, तर ती रेघ टाइप करायची की गाळायची, हे नवख्याने ठरवायचं कसं? कथेत असा शब्द वाचक मनातल्या मनात जोडून घेतो. संगणक चुकलेली कमांड सरळ नाकारतो. मॅन पेजेस दाखवणाऱ्या मॅन-डीबी या प्रोग्रॅममध्ये जुळवणी आणि शब्दतोड बंद करायचे दोन स्वतंत्र पर्याय आहेत, ते उगाच नव्हेत.

यावर कुणी अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम असलेल्या टेक्‌चा दाखला देईल, आणि तो वजनदार आहे. या प्रोग्रॅमचे जनक डोनाल्ड क्नूथ आणि मायकल प्लास यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत एकेका ओळीपुरता विचार न करता सबंध परिच्छेद एकदम तोलला जातो. शब्द कुठे तोडायचा याचे नियम फ्रँक लियांगने १९८३ च्या स्टॅनफर्डमधल्या प्रबंधात इतक्या मोजक्या आकृतिबंधांत बसवले, की ते आजही वापरात आहेत. त्यातून निघणारं पान खरोखर देखणं असतं. पण याच क्नूथने टेक्‌च्या प्राथमिक मांडणीत टाइपरायटर वळणाच्या अक्षरांसाठी, म्हणजे कोड ज्यात छापतात त्या अक्षरांसाठी, शब्दतोड बंद ठेवली आहे. त्या फाँटमधली रिकामी जागा ताणलीही जात नाही. जुळवणीचं शास्त्र ज्याने घडवलं, त्यानेच कोडला त्यातून वगळलं, यापेक्षा बळकट पुरावा मला दुसरा दिसत नाही.

मोबाइलच्या अरुंद पडद्यावर मोकळी कड फारच ओबडधोबड दिसते, हाही आक्षेप असतो. पण ओळ अरुंद झाली की शब्द कमी, शब्दांमधल्या जागाही कमी. उरलेली पोकळी त्या दोन-तीन जागांतच वाटावी लागते. म्हणजे जुळवणी सर्वांत वाईट दिसते ती नेमकी इथेच. वेबसाठीच्या सुगम्यता निकषांतही, त्यांच्या सर्वोच्च पातळीवर, दोन्ही कडा जुळवू नयेत असं सांगितलेलं आहे. विषम पोकळ्यांमुळे काहींना वाचणंच अवघड होतं. साध्या गद्यात लांब शब्द तोडायला माझी हरकत नाही. मराठीत तर प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय लागून शब्द लांबतच जातात, आणि जोडाक्षराला धक्का न लावता ते तोडण्याचे नियम टेक्‌मध्ये तयार आहेत. मात्र ब्राउझर मजकुराची जाहीर केलेली भाषा पाहून शब्द तोडतो. मराठी परिच्छेदात रोमन लिपीतली कमांड आली, तर तिच्यावर ‘कोड’ अशी वेगळी खूण हवी आणि त्या खुणेपुरती शब्दतोड बंद हवी.