उघडीप

आमच्या वर्तकनगरला डोंगर म्हणजे येऊरचा. पावसाळ्यात सर थांबली, जरा ऊन पडलं, की माणसं छत्र्या मिटून उपवनच्या काठी फिरायला निघतात. उघडीप पडली की बाहेर पडायचं, हे आम्हा ठाणेकरांच्या हाडीमाशी खिळलेलं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत नातीचा फोन आला तो लाहौलमधल्या सिस्सूहून. २०२० साली अटल बोगदा झाल्यापासून, रस्ता मोकळा असेल तर भर हिवाळ्यातही मनालीपलीकडे जाता येतं. ऑफिसातली चौघं गेली होती. दोन दिवस हिमवादळानं खोलीत कोंडलं. तिसऱ्या सकाळी आकाश लख्ख निळं, आणि वाटाड्या म्हणतो, आज वर जायचं नाही! दुसऱ्या दिवशी तर परतायचं. पैसे आगाऊ भरलेले.

"आजोबा, तुम्ही बँकेत एवढ्यांना सरळ केलंत. याला जरा दमात घ्या ना!"

मी फोन त्याच्याकडे द्यायला सांगितला. तो शांतपणे एवढंच म्हणाला, "साहब, जो गिरा है, वो अभी बैठा नहीं."

हे वाक्य मला समजलं ते खतावणीच्या भाषेत. कर्जखात्याची वरची पानं कोरी करकरीत असतात. खाली कुठंतरी एक जुनी कच्ची नोंद दबून राहिलेली असते. वर नवा बोजा चढवला की सगळं खातं एकदम घसरतं. बर्फाचंही तसंच. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात हिमालयावर थरावर थर चढवतात. एखादा जुना थर साखरेसारखा भुसभुशीत झालेला असतो. वारा नवं बर्फ उचलून आडोशाच्या उतारावर रचतो, वरून ऊन लागतं. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार असला, तर एका माणसाच्या वजनानंही अख्खी लादी सुटते. बर्फाखाली सापडणाऱ्या गिर्यारोहकांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ती लादी त्यांच्याच किंवा सोबत्याच्या पावलानं सुटलेली असते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर फार थोडे.

फोन कानाशी असताना मला आठवला सुनील सूर्यवंशी. माण तालुक्यातल्या मस्करवाडीचा जवान. ज्या मुलखात हंडाभर पाण्यासाठी वणवण, तिथला हा मुलगा ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनच्या सोनम ठाण्यावर, १९,६०० फुटांवर, बर्फाखाली गेला. तिथं तर बर्फाची भिंतच कोसळली होती. दहा जण गाडले गेले. सहाव्या दिवशी लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले, पण ११ तारखेला तेही गेले. त्या मुलांना आज वर जायचं नाही, असं म्हणायची सोय नव्हती.

आपल्या पोरांना ती असते. डीआरडीओची चंदीगडची संस्था हिमस्खलनाचे जिल्हावार इशारे देते. निघण्यापूर्वी ते पाहायला पाच मिनिटं लागतात. हॉटेलच्या खोलीतून डोंगर दिसतो का, हे मात्र आम्ही दहादा विचारतो.

मी नातीला म्हटलं, "तो सांगतो तसं कर." तिनं फोन आपटला.

त्या दिवशी त्या उतारावरून काहीच कोसळलं नाही. घरी आल्यावर तिनं ते मला दोनदा ऐकवलं आणि बुडालेले पैसे मागितले. नऊ हजार चारशे. मी चेक लिहून दिला.