एका कोयत्यातले दोघं

दिवाळीच्या सुमाराला कळंब, वाशी, भूम, परंडा भागातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. काहीजण पूर्ण कोयता करायलाच घाईने पोराचं लग्न उरकतात. मुलीचं अठरा, मुलाचं एकवीस या वयाआधीचं लग्न कायद्याने गुन्हा, आणि समजुतीचा संसार त्या वयात कुठला व्हायचा?

फडात साधारणपणे तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. काम बरोबरीचं. पण उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, बहुधा त्याच्या हातात पडते आणि फेडायची मात्र दोघांनी. जोडप्यांच्या कुरबुरींचं मूळ शोधायला फार लांब जायला नको! उचल किती घ्यायची, त्यातलं दवाखान्याला किती, लग्नकार्याला किती, हे घर सोडण्याआधी दोघांनी बसून ठरवावं. हिशेबाची वही तिनेही बघावी.

दुसरी गोष्ट कोपीवरची, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतली. पहाटे चूल पेटवून भाकरी थापते ती, आणि रात्री गाडी भरून आल्यावर पुन्हा चुलीपुढे तीच. त्याने पाणी आणलं, लेकरू सांभाळलं, तर तिला तासभर झोप जास्त मिळते. पाळीत, बाळंतपणानंतर खाडा पडला तर टोमणे नकोत.

भांडणं होणारच. हात उगारणं मात्र भांडणात मोजू नये: तो 2005 च्या कायद्याखालचा कौटुंबिक हिंसाचार आहे. मदतीसाठी 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे.