रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब

नाणी, टपाल तिकिटे, काडेपेट्यांची चित्रे जमवणाऱ्याला आपल्याकडे कौतुकाने छांदिष्ट म्हणतात. मी काडतुसे जमवतो असे सांगितले, की समोरचा माणूस आधी खुर्ची जरा मागे सरकवतो. मग विचारतो, ‘‘म्हणजे... फुटणारी?’’ घरातही फारसे वेगळे घडले नाही. निवृत्तीनंतर मी हा उद्योग आरंभला तेव्हा सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, ‘‘कादंबऱ्यांनी घर भरलं, ते कमी होतं का?’’

तेव्हा पहिल्यांदाच सांगून टाकतो. माझ्या संग्रहात एकही जिवंत काडतूस नाही. आहेत त्या साऱ्या झाडलेल्या, रिकाम्या पुंगळ्या, जुने खोके आणि खोक्यांवरची लेबले. पण एवढ्यावरही माणसाला पुरून उरेल इतका इतिहास त्यात आहे.

काडतूस हा शब्दच मुळी परदेशी. पोर्तुगीजांच्या ‘कार्तूश’वरून तो आपल्याकडे आला आणि पाव, बटाटा, पगार यांच्यासारखा घरचा होऊन बसला. काडतुसाचे भाग चार. पितळेची किंवा पुठ्ठ्याची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी किंवा छर्रे. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो, टोपी पेटते, दारूचा वायू होतो आणि गोळी निघून जाते. मागे उरते ती पुंगळी, साक्षीदारासारखी.

माझी आणि काडतुसांची ओळख बँकेतली. शाखेच्या दाराशी बाराबोअरची बंदूक घेतलेला रखवालदार आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या काडतुसांचे रजिस्टर असते आणि ती मोजून सही करण्याचे काम अधिकाऱ्याकडे येते. सरावाच्या गोळीबाराला दिलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्याही मोजून परत घ्यायच्या. दहा गेली, दहा आली, सही. ‘बाराबोअर’ म्हणजे काय, हे मला एका माजी सैनिक रखवालदाराने सांगितले. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातल्या एका गोळ्याचा जो व्यास, तो या नळीचा. लाखोंचे हिशेब करणाऱ्या मला हे साधे गणित ठाऊक नव्हते, आणि कुतूहल तिथेच चिकटले.

निवृत्तीनंतर कोकणातल्या एका शाळासोबत्याकडे गेलो होतो. त्याच्याकडे शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना आहे. रानडुकरांनी भात तुडवायला घेतले की तो एखादा बार काढतो, आणि निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून येतो. त्याच्या पडवीत झाडलेल्या दोन पुंगळ्या पडल्या होत्या. तीच माझ्या संग्रहाची पहिली नोंद.

मात्र दुसरी नोंद होण्याआधी मी कायदा वाचला, आणि ज्यांना हा नाद लागेल त्यांनीही आधी तेच करावे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणे हा गुन्हा आहे. ते शंभर वर्षांचे असो, आजोबांच्या पेटीत सापडलेले असो. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही धरलेले आहेत. कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, पण ते पुन्हा वापरण्याच्या हेतूने ठेवलेले नसावेत. म्हणून मी पोलिसांच्या परवाना शाखेत यादीसह लेखी अर्ज दिला आणि पोच फाईलला लावली. बँकेत उमेदवारी केलेल्या माणसाला पोच नसलेला कागद कागदच वाटत नाही! आणखी एक, संग्रहातली वस्तू खिशात घालून विमानतळावर कधीही जाऊ नये. जुन्या बॅगेच्या कप्प्यात विसरलेल्या एका काडतुसापायी प्रवासी पोलीस ठाण्यात आणि पुढे कोर्टात गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. ‘मला माहीतच नव्हते’ हे कोर्टाला पटेपर्यंत वर्षे जातात.

सुरुवात कशी करावी? सगळे जमवायला निघालेल्याच्या हाती शेवटी पसारा लागतो. एक धागा धरावा. मी ‘काडतूस कसे बदलत गेले’ हा धागा धरला, आणि जिथे वस्तू मिळणे शक्य नाही तिथे चित्र किंवा छायाचित्र लावले.

हा धागा आपल्या इतिहासातूनच जातो. १८५७ मधले एनफिल्डचे काडतूस कागदाचे होते. ते दाताने फाडून दारू नळीत ओतायची आणि गोळी वरून ठासायची. त्याला गायीची आणि डुकराची चरबी लावल्याची बातमी पसरली आणि पुढचे सारे आपण शाळेत शिकलो. २४ एप्रिलला मेरठमध्ये ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसे घ्यायला नकार दिला. ९ मे रोजी त्यांना बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजी उठाव झाला. गंमत पाहा, त्याच १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने धातूच्या पुंगळीचे एक चिमुकले .२२ काडतूस बाजारात आणले. दाताने फाडण्याचा प्रश्नच नाही. ते काडतूस आजही बनते. इकडे कागदावरून साम्राज्य हादरत होते आणि तिकडे कागदाचे युग संपत आले होते.

पुढे १८६६ च्या सुमारास दोन माणसांनी पुंगळीच्या बुडातली टोपी सुधारली. इंग्रज बॉक्सरने आणि अमेरिकन बर्डनने. पण अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली, आणि इंग्रजी लष्करी काडतुसांत पुढे अमेरिकनाची रूढ झाली! रिकाम्या पुंगळीत टॉर्च मारून पाहावे. तळाशी मध्यभागी एक छिद्र असेल तर बॉक्सर, दोन बारीक छिद्रे असतील तर बर्डन.

१८८८ साली ‘थ्री नॉट थ्री’ आली. .३०३ इंच म्हणजे नळीचे माप. ही रायफल आपल्याकडे इतकी टिकली, की २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हाती तीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी.

पुंगळी उलटी करून बुडावरचा शिक्का भिंगाखाली धरणे हा या छंदातला खरा आनंद. ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे दिसली, की ती पुण्याच्या खडकीची. तिथला कारखाना १८६९ चा. ब्रिटिश काळातल्या पुंगळ्यांवर या दोन अक्षरांच्या मध्ये सरकारी बाणाची खूण असते आणि शेजारी सालाचे दोन आकडे. ‘ओएफव्ही’ असेल तर ती जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावची. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या, तेव्हा हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेले. ‘७.६२ × ५१’ अशा आकड्यांनाही बिचकू नये. पहिला आकडा ढोबळमानाने गोळीच्या जाडीचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. एक व्हर्नियर कॅलिपर, एक भिंग आणि एक लांब वही, एवढे भांडवल पुरते. वहीत क्रमांक, तारीख, कोणाकडून मिळाली, मापे आणि शिक्का. मिळाल्याचा स्रोत नसलेली वस्तू मी घेत नाही.

पितळ घासूनपुसून लखलखीत करण्याचा मोह होतो. तो आवरावा, आणि त्याची गोष्टही आपल्याच पावसाळ्यातली आहे. ब्रिटिश फौज पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या पागेत ठेवी. पाऊस सरल्यावर पाहावे तो कित्येक पुंगळ्यांना तडे! कारण १९२१ साली उलगडले. घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया आणि ओढून घडवलेल्या पितळेत राहिलेला ताण या दोहोंनी मिळून पितळ फुटत होते. पुंगळी बेताने तापवून तो ताण घालवणे हा त्यावरचा उपाय. म्हणून अमोनिया असलेले पॉलिश जुन्या पुंगळीला लावू नये. कोरड्या सुती कपड्याने पुसावी आणि काळेपणा राहू द्यावा. तो तिच्या वयाचा दाखला आहे.

आता मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न. माणसे मारण्यासाठी बनवलेल्या वस्तू शोभेला का मांडायच्या? मी त्या शोकेसमध्ये मांडत नाही, लाकडी खणात ठेवतो आणि विचारले तर दाखवतो. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत ५० शिपायांनी सुमारे दहा मिनिटे गोळ्या झाडल्या. १६५० फैरी. हा आकडा शिपायांनी उचललेल्या रिकाम्या पुंगळ्यांवरून काढला, असे सांगतात. मेलेल्यांचा सरकारी आकडा ३७९, आणि तो कोणालाच कधी पटला नाही. पितळेचा हिशेब चोख आणि माणसांचा वादग्रस्त! उभे आयुष्य ताळेबंदात काढलेल्या मला ही नोंद आजही झोपू देत नाही. खडकीची एखादी थ्री नॉट थ्रीची पुंगळी हातात घेतली, की ती कोणत्या मैदानावर, कोणाच्या दिशेने झाडली गेली असेल, हे विचारल्याशिवाय ती परत खणात जात नाही. हा प्रश्न ज्याला पडणार नाही त्याने हा छंद धरूच नये.

शेवटी घरातल्या मुलांसाठी. लष्करी सरावाच्या मैदानाजवळ, नदीपात्रात किंवा भंगारात काही सापडले तर हात लावू नका, ठोकून पाहू नका, पोलिसांना कळवा. नोव्हेंबर २०१८ मध्ये वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जणांचे प्राण गेले. तिथे तर जाणती माणसे होती. आवड असेल तर लेबलांपासून, जुन्या जाहिरातींपासून, चित्रांपासून सुरुवात करा. त्यांना परवाना लागत नाही आणि ती कोणाचा हात उडवत नाहीत. माझा नातू सध्या तेच करतो आहे. त्याच्या वहीत एकवीस नोंदी झाल्या आहेत, आणि प्रत्येकीपुढे मी सही केली आहे.