भिंतीवरचा तो ‘मोठा डास’ डास नव्हेच!

पावसाळ्यात कोल्हापूर परिसरात दिवेलागणीला घरातील भिंतीवर कधी कधी एक लांबलचक पायांचा कीटक येऊन बसतो. “केवढा मोठा डास!” म्हणत मुले घाबरतात आणि कुणीतरी चप्पल उचलते. पण हा डास नव्हे. इंग्रजीत त्याला ‘क्रेन फ्लाय’ म्हणतात, म्हणजे क्रौंच पक्ष्यासारख्या लांब पायांची माशी.

तो ओळखावा कसा? शरीर सडपातळ, पाय शरीराहून कितीतरी लांब, आणि पाठीवर इंग्रजी ‘व्ही’सारखी खूण. पंखांची एकच जोडी असते. तिच्यामागे टोकाला गाठ असलेल्या दोन बारीक दांड्या दिसतात. उडताना तोल सांभाळायला त्यांचा उपयोग होतो. रक्त शोषणारी सोंड याला नसते. त्यामुळे तो चावत नाही, रोगही पसरवत नाही. पाय मात्र फार नाजूक. पालीने पाय धरला तर तो तिथेच सोडून हा निसटतो.

प्रौढ माशी थोडेच दिवस जगते. खरे आयुष्य अळीचे. परड्यातील ओल्या मातीत, कुजक्या पाल्यात किंवा ओढ्याकाठी ती वाढते. अनेक जातींच्या अळ्या पालापाचोळा खाऊन त्याचे खत होण्यास मदत करतात. बेडूक आणि पक्षी यांचे ते खाद्यही आहे.

अमेरिकेतील चार्ल्स अलेक्झांडर (१८८९–१९८१) यांनी या कीटकांच्या ११ हजारांहून अधिक जातींची प्रथम नोंद केली. त्यांत भारतातीलही अनेक जाती आहेत. पत्नी मेबल यांनी या कामात त्यांना आयुष्यभर साथ दिली.

माता-भगिनींनो, सावध राहायचे ते दुसऱ्याच कीटकापासून. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अगदी लहान, काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला असतो आणि बहुधा दिवसा चावतो. तो रांजण, पिंप, हौद, कूलर, टाकून दिलेले टायर यांतील साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करावीत. अंडी कडेला चिकटून राहतात, तेव्हा ती आतून घासून कोरडी करावीत आणि पाणी भरल्यावर झाकण ठेवावे.

आणि भिंतीवर लांब पायांचा पाहुणा दिसलाच, तर मुलांना जवळ बोलावून त्याची ओळख करून द्यावी. मग पेला पालथा घालून, खाली कागद सरकवून त्याला अलगद बाहेर सोडावे.