हातसाबणाचे वेष्टन : खर्च आणि बाजार यांचा मेळ

ग्रामीण भागातील महिला बचत गटांनी हाती घेतलेल्या गृहोद्योगांमध्ये हाताने बनविलेल्या साबणाचा समावेश आता सर्रास आढळतो. खोबरेल तेल, कॉस्टिक सोडा, कडुनिंब किंवा हळद यांसारखे घटक आणि लाकडी साचा एवढ्या सामग्रीवर हा उद्योग उभा राहू शकतो. महिला आर्थिक विकास महामंडळ (स्थापना 1975) आणि ‘उमेद’ अभियान यांच्या आधाराने उभे राहिलेले अनेक गट प्रदर्शनांतून आपला माल मांडतात. तथापि, साबण उत्तम असूनही गटाच्या हाती फारसे काही उरत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. हिशेबाची वही तपासली असता पुष्कळदा असे दिसते, की तेलावर वाचविलेला पैसा आकर्षक डबीवर खर्च झालेला असतो.

साबणाची प्रकृती

वेष्टन निवडण्यापूर्वी साबणाचा गुणधर्म जाणून घेणे अगत्याचे आहे. उष्णता न देता तयार केलेल्या साबणाची लादी कापल्यानंतर वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकवाव्या लागतात. या काळात त्यांतील पाणी उडून जाते, वडी कठीण होते आणि तिचे वजनही घटते. ओलसर वडी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळल्यास आत दमटपणा साचतो. अशा साबणाला कागदाचे, हवा खेळती ठेवणारे वेष्टनच मानवते. याउलट, तयार ग्लिसरीन पाया वितळवून साच्यात ओतलेला पारदर्शक साबण हवेतील बाष्प ओढून घेतो. कोकणातील पावसाळ्यात त्यावर घामासारखे थेंब जमतात. म्हणून तो थंड होताच पातळ आवरणात घट्ट बंद करावा लागतो.

वर्तमानपत्राचा कागद दोन्ही प्रकारांस वर्ज्य समजावा, कारण त्याची शाई तेलकट वडीस लागते. बटर पेपरमधून तेलाचा डाग सहसा बाहेर येत नाही. टाचणी किंवा स्टेपलची तार ओलाव्याने गंजते, म्हणून डिंक किंवा सुती दोरा वापरणे श्रेयस्कर होय.

जशी पेठ, तसा पेहराव

आठवडे बाजारात गिऱ्हाईक साबण हातात घेऊन, हुंगून आणि भाव विचारून खरेदी करते. तेथे वडीभोवती कागदाची रुंद पट्टी पुरेशी असते. वडीचा रंग दिसतो, वास येतो आणि खर्चही नाममात्र राहतो.

किराणा दुकानात किंवा खादी भांडारात माल महिनोन्महिने फळीवर राहतो. धूळ बसते, सुगंध उडतो, शिवाय शेजारच्या चहापावडरीस साबणाचा वास लागण्याचा संभव असतो. तेथे आतून बटर पेपर आणि बाहेरून खाकी कागद किंवा साधी पुठ्ठ्याची डबी आवश्यक ठरते.

मुंबईतील महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत भेटवस्तू म्हणून खरेदी होते. तीन वड्यांचा एकत्रित संच, सुती पिशवी किंवा बांबूची परडी तेथे शोभते आणि तिचा खर्च तीन वड्यांत विभागला जातो. टपालाने पाठवावयाच्या मालास मात्र शोभेपेक्षा बळकटी महत्त्वाची. नालीदार पुठ्ठ्याच्या खोक्यात वड्या हलणार नाहीत अशा बसवून मोकळ्या जागी कागदाचे तुकडे भरावेत.

हिशेबाची कसोटी

उदाहरणादाखल, 100 ग्रॅमच्या वडीचा साहित्य व मजुरीसह खर्च 30 रुपये आणि कमाल किरकोळ किंमत 60 रुपये आहे असे मानू. आठवडे बाजारात ती 50 रुपयांस विकली आणि पट्टीवर एक रुपया खर्च झाला, तर 19 रुपये उरतात. दुकानदाराने 30 टक्के कमिशन घेतल्यास गटास 42 रुपये मिळतात. त्यातून आठ रुपयांची छापील डबी वजा केली, की शिल्लक केवळ चार रुपये! तोच साबण दोन रुपयांच्या कागदी वेष्टनात दिल्यास ही शिल्लक दहा रुपये होते.

एकाच मालाच्या एकसारख्या वेष्टनावर निरनिराळ्या कमाल किमती छापण्यास कायद्याने मनाई आहे. छापील किमतीहून कमी दराने विकण्यास मात्र हरकत नाही. म्हणून किंमत ठरविताना सर्वांत अधिक कमिशन घेणारा विक्रेता डोळ्यांसमोर ठेवावा.

छपाईत संख्या वाढली, की दर नगाचा खर्च उतरतो. या मोहाने दोन हजार डब्या छापून घेणारा गट महिन्याला दोनशेच वड्या विकत असेल, तर त्याचे भांडवल दहा महिने अडकून पडते. प्रत्येक सुगंधासाठी वेगळी डबी न छापता एकच कोरी डबी घेऊन त्यावर नावाची चिठ्ठी लावावी. किंमत आणि उत्पादनाचा महिना रबरी शिक्क्याने उमटविल्यास दर बदलला तरी डब्या वाया जात नाहीत.

वेष्टनावरील मजकूर

वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 अनुसार वेष्टनावर वस्तूचे नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, एककामागील विक्रीमूल्य आणि ग्राहक-तक्रारीसाठी संपर्क देणे आवश्यक आहे. निव्वळ वजनात वेष्टनाचे वजन धरता येत नाही. वडी पूर्ण सुकल्यावरच तोलावी; अन्यथा ओल्या वडीचे 100 ग्रॅम दुकानात पोहोचेपर्यंत कमी भरतात आणि दोष गटाच्या माथी येतो.

अंगाचा साबण कायद्याच्या दृष्टीने सौंदर्यप्रसाधनांत मोडतो. त्याच्या उत्पादनास 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 लागू होतात. म्हणून विक्रीस प्रारंभ करण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाकडून परवान्याविषयी मार्गदर्शन घ्यावे. एखादा साबण त्वचारोग बरा करतो, असा दावा वेष्टनावर करणे टाळावे.

या कामी गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. शाळेतील चित्रकला शिक्षक पट्टीचा साधा, सुवाच्य नमुना तयार करून देऊ शकतील. ग्रामपंचायत सदस्यांना परिसरातील दोन-तीन गटांना एकत्र आणून कोऱ्या डब्यांची खरेदी सामाईकपणे करविता येईल. तालुक्यातील अधिकाऱ्यांनी प्रशिक्षणात साबण बनविण्याच्या कृतीबरोबर हिशेबाचा हा एक तास ठेवल्यास, वेष्टनावर अकारण जाणारे चार-सहा रुपये वडी घडविणाऱ्या हातांतच राहतील.