‘कळलं का?’ आणि त्यानंतरची शांतता
वर्गातला तास : लेखांक आठवा

गेल्या आठवड्यात आपण फळ्याच्या वापराविषयी बोललो. या वेळचा विषय आहे एक प्रश्न. पहिलीपासून दहावीपर्यंत कुठल्याही वर्गाबाहेर व्हरांड्यात थोडा वेळ थांबलं, तर तो ऐकू येतोच: ‘कळलं का?’ आणि त्यावर सगळ्या वर्गाचं सुरातलं उत्तर, ‘होऽऽ!’ बाई किंवा सर समाधानाने पुढच्या मुद्द्याकडे वळतात.

या ‘हो’मधून शिक्षकाला काहीच कळत नाही. ज्या मुलाला कळलेलं नसतं, त्याला बहुतेक वेळा तेही माहीत नसतं, त्यामुळे तो मनापासून ‘हो’ म्हणतो. ज्याला आपलं अडलंय हे उमगलेलं असतं, त्याची चाळीस मुलांसमोर ‘नाही’ म्हणायची तयारी नसते. उरलेली मुलं सुरात सूर मिसळतात. शिवाय शिक्षकाच्या स्वरावरून कोणतं उत्तर अपेक्षित आहे, हे मुलांनी पहिलीतच ओळखलेलं असतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न वर्गातून हद्दपार करावा आणि त्याच्या जागी असा प्रश्न यावा, ज्याच्या उत्तरातून मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते दिसेल.

तिसरीतली हातच्याची वजाबाकी घ्या. ५२ वजा २७. फळ्यावर दोन उदाहरणं झाली, ‘कळलं का’ झालं, ‘हो’ झालं. वह्या गोळा केल्या की काही वह्यांत उत्तर दिसतं ३५. हे उत्तर निष्काळजीपणाचं नाही, त्यामागे एक पक्का नियम आहे. मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हे आपणच त्याला पहिली-दुसरीत सांगितलेलं असतं, आणि तो ते इमानदारीने पाळतोय. त्याला आणखी दहा वजाबाक्या दिल्या तर तो दहाही याच नियमाने करील आणि चूक घट्ट होईल.

त्याऐवजी मांडणी करण्याआधीच विचारा: “५२ मधून २७ गेले, तर उरलेले ३० पेक्षा जास्त असतील की कमी? वही न उघडता सांगा, आणि कशावरून तेही सांगा.” सत्तावीसमध्ये तीस मिळवले तर सत्तावन्न होतात, म्हणजे ५२ च्या पुढे जातात, म्हणून उत्तर तिसाच्या आतच असणार. एवढा विचार वर्गात मोठ्याने झाला की ३५ लिहिणारं मूल स्वतःच थबकतं. मग दशकाचा गठ्ठा सोडून सुट्या काड्या करून दाखवण्याला अर्थ येतो, कारण आता त्याला त्याची गरज वाटते.

प्रत्येक विषयात अशा जागा असतात. ०.६ मोठे की ०.४५? बरीच मुलं ०.४५ म्हणतात, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे. चंद्राच्या कला शिकवून झाल्यावर ‘कला कशामुळे दिसतात’ असं विचारलं, तर पुस्तकातलं वाक्य ऐकायला मिळतं. ‘पौर्णिमेला पृथ्वीची सावली कुठे गेली?’ असं विचारून पाहा. कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं मानणारी मुलं लगेच दिसतात, ती सावलीच्या जागेचा शोध घेऊ लागतात. चौथीच्या इतिहासात ‘शिवरायांचा जन्म कुठे झाला’ या प्रश्नाला वर्ग एका आवाजात ‘शिवनेरी’ म्हणेल. नकाशावर जुन्नर, नाणेघाट आणि कोकणातून वर येणारी जुनी व्यापारी वाट दाखवून ‘इथे किल्ला असल्याचा काय उपयोग होत असेल?’ असं विचारलं, तर मात्र डोकी नकाशावर वाकतात. असा प्रश्न आयत्या वेळी सुचत नाही. तो आदल्या दिवशी टाचणवहीत लिहावा लागतो. एका पाठाला तीन पुरतात.

आता प्रश्न विचारल्यानंतर काय होतं ते पाहू, कारण चांगला प्रश्नही इथेच वाया जातो. अमेरिकेतल्या मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक होत्या. त्यांनी वर्गांतल्या संवादाच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असं त्यांना आढळलं. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारत, दुसऱ्याकडे वळत किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकत. १९७४ साली त्यांनी ही निरीक्षणं सविस्तर प्रसिद्ध केली. थांबण्याचा वेळ तीन सेकंद किंवा त्याहून जास्त झाला की मुलांची उत्तरं लांब होत, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी होई, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागत आणि मुलं स्वतःहून प्रश्नही विचारू लागत. त्यांनी नोंदवलेली आणखी एक गोष्ट मनाला लागते. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक जास्त वेळ थांबत आणि मागे समजल्या जाणाऱ्यांसाठी कमी. ज्याला वेळ अधिक हवा त्याच्याच वाट्याला तो कमी येत होता.

तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण वर्गासमोर उभं राहून गप्प राहताना ते फार लांबतात. त्या अस्वस्थतेतून आपल्याकडे एक सवय रुजली आहे. “ऊन लागलं की पाण्याचं काय होतं? बाष्पी…” आणि वर्ग म्हणतो, “भवन!” हे उत्तर नव्हे, शिक्षकाने अर्धा उच्चारलेला शब्द मुलांनी पुरा केला एवढंच. ही सवय सोडायची असेल तर प्रश्न विचारून झाल्यावर मनातल्या मनात एक ते पाच अंक मोजावेत आणि वर्गाला आधीच सांगून ठेवावं: “मी प्रश्न विचारल्यावर थोडा वेळ कुणीच बोलायचं नाही, सगळ्यांनी विचार करायचा.” प्रश्न आधी, नाव नंतर, हा क्रमही पाळावा. ‘सुनील, सांग बरं…’ अशी सुरुवात झाली की सुनील सोडून बाकीचे सगळे सुटतात.

नंदुरबारमध्ये घरी पावरी बोलणारं मूल किंवा मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल मराठी वर्गात बसतं, तेव्हा त्याला प्रश्न आधी आपल्या भाषेत समजून घ्यावा लागतो आणि मग उत्तर मराठीत जुळवावं लागतं. त्याच्यासाठी तीन सेकंदही अपुरे आहेत. उत्तर घरच्या भाषेत आलं तर ते आनंदाने घ्यावं, वर्गातलं दुसरं कुणीतरी ते मराठीत सांगेल.

उत्तर आल्यावरही थांबायचं असतं. बरोबर उत्तराला ताबडतोब ‘शाब्बास’ म्हटलं की बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो. “बरं. आणखी कुणाला वेगळं वाटतं?” एवढंच म्हणावं, चेहऱ्यावर निकाल दिसू देऊ नये. तसंच ‘हे उत्तर कसं आलं?’ हा प्रश्न फक्त चुकीच्या उत्तराला विचारू नका. तसं केलं तर ‘कसं’ विचारलं म्हणजे आपलं चुकलं, असा अर्थ मुलं लावतात आणि बरोबर उत्तरही घाईघाईने बदलतात. बरोबर उत्तर देणाऱ्यालाही कारण विचारलं पाहिजे.

हात वर करायला सांगितलं की रोज तीच पाच-सहा मुलं दिसतात आणि त्यांच्यावरून आपण सगळ्या वर्गाचा अंदाज बांधतो. यावर आपल्या शाळांत जुना आणि स्वस्त उपाय आहे, तो म्हणजे पाटी. सगळ्यांनी उत्तर लिहायचं, पाटी छातीशी धरायची, आणि ‘वर’ म्हटल्यावर एकदम दाखवायची. मोठ्या वर्गांत कच्च्या वहीचं पान चालतं. अर्ध्या मिनिटात चाळीस उत्तरं डोळ्यांखालून जातात. दुसरीत ‘पस्तीस’ सांगितल्यावर किती पाट्यांवर ५३ आलं, ते तेव्हाच दिसतं. मराठीत एकक आधी बोलला जातो आणि दशक नंतर, पण लिहिताना क्रम उलटा, त्यामुळे हा गोंधळ होतो. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या ‘तीस पाच’ अशा वाचनावरून २०१९ मध्ये मोठा वाद झाला. त्या वादात कुणाचीही बाजू घ्या, मुलांची अडचण खरी आहे आणि ती पाटीवर रोज वाचता येते.

दोन-तीन पाट्या चुकल्या असतील तर त्या मुलांना दुपारी जवळ बसवून घ्यावं. वर्गातली निम्मी मुलं चुकली असतील तर शेजारच्याला आपलं उत्तर पटवून द्यायला सांगावं आणि पाट्या पुन्हा वर करायला लावाव्यात. तरीही चुका राहिल्या, तर तो भाग वेगळ्या रीतीने पुन्हा शिकवायला हवा, आधीचीच वाक्यं मोठ्या आवाजात म्हणून उपयोग नाही. पाट्यांवर दिसलेलं थेट आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत उतरू द्या. ‘वजाबाकी करतो’ ही नोंद कुणाच्याच कामाची नाही. ‘काड्या घेऊन बरोबर करतो, मांडणीत दशक सोडायला विसरतो’ ही नोंद पुढच्या वर्षीच्या शिक्षकालाही उपयोगी पडते.

यातलं काहीही चुकीच्या उत्तराला हसणाऱ्या वर्गात चालणार नाही. मुलाला भीतीपासून मुक्त ठेवणं आणि त्याला मोकळेपणाने मत मांडता येणं, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात ते ठरतं मुलाने ३५ म्हटल्यावर शिक्षकाच्या भुवया काय करतात त्यावर. कुणी हसलं तर तिथल्या तिथे थांबवावं आणि त्या उत्तरावरच चर्चा पुढे न्यावी.

‘एवढं थांबत बसलो तर पोर्शन कसा पुरा होणार?’ ही शंका रास्त आहे, कारण पोर्शनचा जाब शिक्षकालाच द्यावा लागतो. पण पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत असे तीन प्रश्न विचारायला आणि पाट्या पाहायला दहा मिनिटं पुष्कळ झाली. तिसरीत न कळलेली वजाबाकी चौथी-पाचवीत भागाकार शिकवताना अडवते, तेव्हा त्याहून कितीतरी जास्त तास जातात.

या आठवड्यात एवढंच करून पाहा. उद्याच्या एका पाठासाठी टाचणवहीत तीन प्रश्न लिहा, विचारल्यावर पाच अंक मोजा आणि पाट्या वर करायला सांगा. जी उत्तरं अनपेक्षित वाटतील ती जशीच्या तशी उतरवून ठेवा. पुढच्या लेखांकात आपण वह्या तपासण्याविषयी बोलणार आहोत, तेव्हा ती हाताशी लागतील.