डबीर : लेखनिकाचे एक विस्मृत नाव

लेखनिकासाठी मराठीत नावांची वाण नाही. कारकून, चिटणीस, फडणीस, वाकनीस हे शब्द आपल्या कानांना परिचित आहेत. याच पंक्तीतला 'डबीर' मात्र आज केवळ आडनाव म्हणून उरला आहे. ते आडनाव ऐकताच डबा-डबी आठवावी, इतका त्याचा मूळ अर्थ लोपला आहे. वास्तविक या शब्दाइतका दूरचा प्रवास करून आलेले शब्द आपल्या भाषेत थोडेच असतील.

'दबीर' म्हणजे फारसीत लिहिणारा, राजाची पत्रे सिद्ध करणारा. फारसीतील 'दाग' मराठीत जसा 'डाग' झाला, तसाच 'दबीर'चा 'डबीर' झाला. मुळाशी प्राचीन इराणी भाषेतील 'दिपि' हा शब्द आहे. त्याचा अर्थ लेख. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस दारयवहु सम्राटाने बेहिस्तूनच्या कड्यावर जो लेख कोरविला, त्यात हा शब्द येतो. त्याच्याही मागे गेल्यास मेसोपोटेमियातील मातीच्या लेखपट्टीला असलेले 'दुब' हे सुमेरी नाव सापडते.

हाच 'दिपि' अशोकाच्या शिलालेखांत आहे. वायव्येकडील शाहबाजगढी व मानसेहरा येथील लेखांत 'दिपि', तर गिरनारसारख्या इतर ठिकाणी 'लिपि'. म्हणजे ज्या शब्दाला आपण निखळ आपला मानतो, तो लिपी आणि ज्याला परका मानतो, तो डबीर, हे दोघे एकाच घरचे. अशोकाच्या चौदाव्या लेखात, मजकूर कोठे अपुरा राहिला असल्यास तो लिपिकाराच्या अपराधानेही असू शकेल, असे म्हटले आहे. चुकीचे खापर लेखनिकाच्या माथी फोडण्याची रीत इतकी जुनी आहे! त्यातल्या त्यात समाधान एवढेच की, कर्नाटकात ब्रह्मगिरीच्या परिसरातील लेखांवर चपड नावाच्या लिपिकाराने स्वतःचे नाव नोंदविले, आणि 'लिपिकाराने' हा शब्द दक्षिणेत कोणाला वाचता न येणाऱ्या खरोष्ठी लिपीत लिहिला. लिहिणाऱ्याने आपल्या विद्येची दिलेली ती सही होय.

इराणातून हा शब्द दुसऱ्यांदा आला तो संस्कृतात, 'दिविर' या रूपाने. गुजरातेतील वलभीच्या मैत्रक राजांचे ताम्रपट या दृष्टीने फार बोलके आहेत. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दुसऱ्या धरसेनाच्या ताम्रपटांवर लेखन करणारा म्हणून स्कंदभटाचे नाव येते. तो 'दिविरपति' आहे आणि त्याच वेळी संधी व विग्रह यांचा अधिकारीही आहे. पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने 'नर्ममाला'त याच दिविरांची लबाडी व लाचखोरी यथेच्छ झोडपली आहे. लेखणीच्या हाती सत्ता आल्यावर काय होते, हे त्याने जवळून पाहिले असावे.

तह आणि युद्ध यांचा कारभार लेखनिकाकडे का असावा? परराज्याला जाणारे पत्र हेच त्या काळी राज्याचे मुख होते. समोरच्याला कोणती पदवी लावावयाची, आपले नाव वर घ्यावयाचे की खाली, विनंती लिहावयाची की आज्ञा, यावर मान आणि अपमान ठरत असे. एका शब्दाने तह अडे. ही जोखीम ज्याच्या हाती, तो नुसता हस्ताक्षर चांगले असलेला मनुष्य असून भागत नसे. स्कंदभटानंतर सुमारे अकराशे वर्षांनी शिवछत्रपतींच्या दरबारातील डबीर हाच कारभार पाहत होते. सोनो विश्वनाथ हे स्वराज्याच्या आरंभकाळातील डबीर. पुढे त्र्यंबक सोनदेव डबीर 1666 साली महाराजांबरोबर आग्र्यास गेले आणि महाराज निसटल्यावर मोगलांच्या कैदेत सापडले. लेखणीच्या कामात जिवाची जोखीम होती, ती अशी.

1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी पदांची नावे संस्कृत झाली. पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री आणि डबीर सुमंत. रघुनाथ पंडितांचा 'राज्यव्यवहारकोश' हा त्याच धोरणाचा भाग. स्वतंत्र सिंहासन उभारणाऱ्या राजाने आपल्या कारभाराला आपली वाणी द्यावी, यात वावगे काहीच नव्हते. तरी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सुरनीस, वाकनीस व डबीर या तिन्ही नावांत लिहिणे होते. 'नीस' हा फारसी 'नवीस'चा, म्हणजे लिहिणाऱ्याचा, अवशेष. शाहबाजगढीच्या लेखात 'लिहिलेले' या अर्थी येणारा 'निपिस्त' हा शब्द त्याच कुळातला, आणि संस्कृत 'पिंश्' हा धातूही त्याचाच सगोत्र. मंत्री, सचिव, सुमंत या नावांत सल्ला आहे, सोबत आहे. लेखणी मात्र उरली नाही. काम तेच राहिले, पण ते ज्या साधनाने होत असे त्याचे नाव पदातून गेले. माझ्या मते शब्दांच्या या शुद्धीत झालेली खरी हानी ही आहे.

खकनारकरांना हा परक्या-आपल्या शब्दांचा प्रश्न नवा वाटू नये. आपल्या बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाची वंशावळ संस्कृतात कोरलेली आहे. शके 1511 चा तो लेख आहे. त्याच मशिदीत अकबराच्या खानदेशविजयाचा फारसी लेखही आहे. ज्या भूमीत दोन्ही लिप्यांचे जाणकार एकाच इमारतीसाठी राबले, तेथे 'दबीर' आणि 'लिपिकार' हे शब्द फार दूरचे राहिले नसतील.

फारसीत शाळेला 'दबिस्तान' म्हणतात. तो 'दबीरिस्तान'चा संक्षेप समजला जातो. अर्थ सरळ आहे : जेथे लिहिणारे घडतात ती जागा.